चमकीचा आवाज मी बदलला

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, टेपरेकॉर्डर म्हटल्यावर कपाटावर धूळ खात पडलेला, कॅसेट पोटात घालून गाणारा एखादा डबा तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल. तो माझा फार लांबचा, धाकटा भाऊ. मी त्याच्यासारखा पिशवीत मावणारा नाही. मला उचलायला दोन माणसे लागतात, आणि त्यांतला एक तरी नंतर कंबर धरून बसतो. माझ्या तोंडावर जेवणाच्या ताटाएवढी दोन चाके आहेत. डाव्या चाकावरची तपकिरी फीत समोरच्या तीन धातूच्या ठोकळ्यांना घासत उजव्या चाकावर जाते. त्या ठोकळ्यांना आमच्या धंद्यात हेड म्हणतात. एक हेड जुना आवाज पुसते, दुसरे नवा लिहिते आणि तिसरे लिहिलेले वाचून दाखवते.

म्हणजे लिहिणे आणि पुसणे ही दोन्ही कामे माझीच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले त्यात माझा हात नव्हता असे मला म्हणता येणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका बाईने डोळ्याला भिंग लावून केसासारखी बारीक तार माझ्या हेडवर गुंडाळली. ती काम करताना जीभ दातांत धरायची. एका माणसाने माझ्या मोटरीला तेल दिले, दुसऱ्याने झाकणे बसवली. सगळ्यात शेवटी एक तपासनीस आला. त्याने एकच सूर माझ्यावर मुद्रित केला आणि डोळे मिटून तासभर ऐकत बसला. सूर जरासुद्धा हलला नाही. तो शेजाऱ्याला म्हणाला, "हा खरं बोलतो." मग त्याने माझ्या पाठीवर शिक्का मारला. मित्रांनो, त्या एका वाक्याने मी असा काही फुगलो, की पुढची कित्येक वर्षे स्टुडिओतल्या बाकीच्या यंत्रांशी मी धड बोललो नाही. सारखा आपला नाकाने कांदे सोलत बसायचो.

माझ्या उजव्या अंगाला एक लहान काळे गोल बटण होते. त्याच्यावर मधोमध पांढरी खूण होती. बटण खुणेवर असले की फीत ठरल्या वेगाने धावायची. उजवीकडे फिरवले की जास्त वेगाने, डावीकडे फिरवले की कमी. एखादे वाद्य किंचित चढे लागले असेल, तर जुळवून घेण्यापुरती ती सोय होती. पण फीत वेगाने धावली की माणसाचा आवाज बारीक होतो आणि चढतो. चाळिशीच्या बाईची सोळा वर्षांची मुलगी होते. कारखान्यातल्या लोकांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी ते बटण मुद्दाम लहान आणि कोपऱ्यात ठेवले होते.

मला विकत घेतले ते एका स्टुडिओने. सायकलींच्या दुकानावरचा दुसरा मजला होता तो. भिंतींना जाड काळे कापड लावलेले, मध्ये दुहेरी काचेची खिडकी. काचेच्या पलीकडे गाणारे, अलीकडे मी आणि ध्वनिमुद्रक. ध्वनिमुद्रकांना सगळेच काका म्हणायचे. ते रोज सकाळी आल्या आल्या कापसाला स्पिरिट लावून माझी तिन्ही हेड पुसायचे. इतक्या हळू, की तान्ह्या मुलाचे तोंड पुसावे. खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे ते मालक. ते नाचाच्या गाण्यांच्या रेकॉर्डी काढायचे. ते डिस्कोचे दिवस होते. मोठमोठ्या हॉलच्या छताला आरशांचा गोळा लटकायचा, ढोल घड्याळासारखा एका ठोक्याने वाजायचा आणि माणसे घामाघूम होईपर्यंत नाचायची. मी ते कधी पाहिले नाही. पण त्या नाचाचा आवाज माझ्या पोटातून बाहेर पडायचा, हे काय कमी आहे?

काकांना बाहेरगावी फोन लावायचा असला की टेलिफोनच्या ऑफिसातली एक ऑपरेटर जोडून द्यायची. "जरा थांबा हं, देते," एवढेच ती म्हणायची. तेवढ्यावर काका फोन ठेवून नुसते बसून राहायचे. एके दिवशी ते मालकांना म्हणाले, "ही मुलगी गात असणार. नसेल गात, तर आपण गायला लावू."

ती आली जेवणाच्या सुट्टीत. ऑफिसातल्या हेडफोनने केस मधोमध दबलेले, हातात डबा. दारातच थबकली.

"मला खरंच बोलावलंय ना? की चुकून माझा नंबर लागला?"

"तुलाच बोलावलंय पोरी. गातेस ना?"

"गाते हो, पण घरात. माझा आवाज जाडा आहे काका. फोनवर अर्धे लोक मला साहेब म्हणतात. एक तर रोज 'नमस्कार साहेब' म्हणून गप्पा मारतो. आता त्याला कसं सांगू?"

काका हसले आणि त्यांनी तिला काचेच्या पलीकडे उभे केले. तिने चपला काढल्या, डोळे मिटले आणि गायला लागली. मित्रांनो, मी शेकडो आवाज लिहिले आहेत. गोड आवाज होते, गोड असल्याचे सोंग करणारे होते, आणि सर्दी झाली म्हणून सांगून बेसूर गाणारेही बरेच होते. तिचा आवाज खालून यायचा. जाड, उबदार, थोडासा खरखरीत. त्यात घाई नव्हती. आवाजाची पातळी दाखवणारा माझा काटा त्या आवाजाने हलला तो अगदी सावकाश हलला. काका काचेला नाक लावून उभे होते. गाणे संपल्यावर त्यांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला.

मालक मात्र खुर्चीत चुळबुळत होते. "आवाज छान आहे," ते म्हणाले, "पण यावर नाचणार कोण? लोक खाली बसून विचार करायला लागतील." मग ते माझ्याजवळ आले, वाकून पाहिले आणि ते काळे बटण उजवीकडे फिरवले.

"साहेब, ते बटण यासाठी नाही," काका म्हणाले.

"बटण आहे म्हणजे फिरवायलाच आहे. वाजवा आता."

मी वाजवले. मला जेवढ्या वेगाने पळवतील तेवढ्या वेगाने मी पळतो. त्या जाड, उबदार आवाजाची एक बारीक, चुरचुरीत पोरगी झाली. बाहेरच्या खोलीतला कारकून टेबलाखाली पाय आपटायला लागला. मालकांनी त्याच्याकडे बोट दाखवले आणि हात पसरले.

"ही कोण?" तिने विचारले.

"तूच."

ती खो खो हसली. तिला ती गंमत वाटली. पहिल्यांदाच स्टुडिओत आलेली, घरी दोन महिन्यांची तान्ही मुलगी, तिला सांभाळायला धाकटी बहीण. रेकॉर्ड निघते आहे याच आनंदात ती होती. फीत सरळ वेगाने मुद्रित झाली होती. रेकॉर्डीसाठी त्या फितीची नक्कल करताना मात्र मला वेग वाढवून पळवण्यात आले. गायिकेला नाव दिले चमकी. कपड्यांवर लावतात ती चमकी. रेकॉर्डीच्या पाकिटावर चेहरा नव्हताच, नुसता एक चमचमता झगा होता.

रेकॉर्ड चालली. फार नाही, पण चालली. काही हॉलमध्ये ती रोज लागायची म्हणे. मग कोणीतरी चमकीला प्रत्यक्ष गायला बोलावले. ती नवा झगा शिवून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्टुडिओत आली आणि काकांच्या शेजारी स्टुलावर बसली. बराच वेळ डब्याचे झाकण उघडझाप करत राहिली.

"पहिल्या ओळीलाच लोक थांबले, काका. नाचता नाचता थांबले. एक जण ओरडला, 'ही कोण? चमकीला आणा!' मी म्हटलं, अहो, मीच. तर सगळे हसले."

"मग?"

"मग मी वर चढवून गायला लागले. रेकॉर्डसारखं. घसा फाटला नुसता. शेवटी त्यांनी मला उतरवलं आणि रेकॉर्ड लावली. लोक परत नाचायला लागले. मी कडेला उभी राहून माझंच गाणं ऐकत होते, आणि मला तिकडे कोणी ओळखत नव्हतं."

काकांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

मालकांना यावर तोडगा सापडायला आठवडासुद्धा लागला नाही. त्यांनी एक बारीक, उंच, सुरेख नाचणारी मुलगी आणली. ती हॉलमध्ये झगा घालून नाचणार, ओठ हलवणार आणि मागे रेकॉर्ड वाजणार.

"आवाज तुझा, पाय हिचे," मालक म्हणाले. "दोघी मिळून एक चमकी. तुला काय, नाचायची कटकट गेली."

"साहेब, आवाजसुद्धा माझा कुठाय त्यात?"

"तुझाच आहे. फक्त जरा पळतोय."

ती नाचणारी मुलगी वाईट नव्हती. एकदा स्टुडिओत आली तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "ताई, मला हे बरं नाही वाटत." आमच्या गायिकेने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कुठल्या शब्दाला श्वास घ्यायचा ते तिला दाखवले. म्हणजे ओठ हलवताना चूक दिसणार नाही.

तुम्ही विचाराल, तिने गाणे सोडून का दिले नाही? मीही तेव्हा हेच मनात म्हणायचो. पण काचेपलीकडे ती चपला काढून उभी राहिली की तिचा चेहराच बदलायचा. दिवसभर इतरांची बोलणी जोडून देणाऱ्या त्या मुलीचे ते तासभराचे स्वतःचे बोलणे होते. त्या तासासाठी ती पुढचे सगळे पोटात घालत होती. शिवाय सरळ वेगाची मूळ फीत आहे, तीत माझा आवाज आहे, असे ती काकांना म्हणायची. तिला बिचारीला माहीत नव्हते, की रेकॉर्ड निघाली की मालक मूळ फीत पुन्हा वापरायला लावत. नवी फीत महाग पडायची. तिची चार गाणी मीच लिहिली आणि चारही मीच पुसली. एकावर साबणाची जाहिरात आली, दुसऱ्यावर कुठल्याशा ऑर्केस्ट्राची तालीम. उरलेल्या दोहोंवर काय आले ते मला आता आठवतही नाही.

वर्षभराने तिने मालकांकडे एक गोष्ट मागितली. पहिल्यांदाच मागितली.

"एकच गाणं, साहेब. माझ्या आवाजात. बटण मधोमध ठेवून. पाचवी रेकॉर्ड काढताय ना, तिच्या मागच्या बाजूला टाका. मागची बाजू कोण ऐकतं? पण माझी मुलगी मोठी होईल. तिला मी काय दाखवू? ही चमकी? ती म्हणेल, आई, ही तर तू नाहीस."

मालक कसला तरी कागद वाचत होते. "बरं, बरं," ते म्हणाले.

ते गाणे मी जन्मात विसरणार नाही. नाच संपत आल्यावर, माणसे दमल्यावर वाजवायचे गाणे होते ते. 'उजेड होईपर्यंत थांब, मग घरी जाऊ' अशी त्याची पहिली ओळ. ढोल होता, पण हळू. ती गायली ते एकदाच, आणि काकांनी दुसऱ्यांदा गायला सांगितले नाही. आपल्या हातून याहून चांगले काही मुद्रित होणार नाही, असे त्यांनी कारकुनाला सांगितले. मलाही तसेच वाटले. त्या दिवशी कारखान्यातल्या तपासनिसाला बोलावून आणावे आणि ऐकवावे, असे माझ्या मनात आले.

नक्कल करायच्या दिवशी मालकांनी गाणे ऐकले आणि खुर्चीतूनच म्हणाले, "चढवा."

"साहेब, तुम्ही तिला शब्द दिलाय."

"मी बरं म्हटलं होतं. पाकिटावर चमकी लिहिलंय. मागच्या बाजूला दुसरीच बाई गायला लागली तर लोक रेकॉर्ड परत आणतील. चढवा, काका. का दुसरा माणूस बघू?"

काकांच्या नोकरीची दोन वर्षे राहिली होती. त्यांचा हात बटणाशी आला. बराच वेळ तो तिथेच होता. मित्रांनो, मी यंत्र आहे. मला नाही म्हणता येत नाही. काकांना येत होते. पण त्यांनी बटण उजवीकडे फिरवले, आणि नक्कल संपेपर्यंत त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिले नाही.

रेकॉर्ड छापून आली तेव्हा ती धावतपळत आली. जिना चढताना तिला धाप लागली होती. कोपऱ्यातल्या प्लेअरवर तिने मागची बाजू लावली आणि जिवाचा कान करून ऐकू लागली. पहिल्या शब्दालाच तिला कळले. तरी तिने गाणे मध्येच थांबवले नाही. शेवटपर्यंत ऐकले, रेकॉर्ड पाकिटात घातली आणि पाकिटाचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"मालक म्हणाले म्हणून फिरवलं, पोरी," काका म्हणाले.

"मालकांचं मला काही वाटत नाही, काका. त्यांना कान नाहीत. तुम्हाला होते."

काका उठले. कपाटातून त्यांनी मूळ फितीचे चाक काढले, त्याच्या खोक्यात दुसरीच एक जुनी फीत घातली आणि ते चाक कागदात गुंडाळून तिच्या हातात दिले. पुसण्यातून वाचलेली तिची ती एकच फीत. तिने ती पिशवीत ठेवली. ती गेली ती पुन्हा त्या जिन्यावर चढली नाही. पुढे काका फोन लावायचे तेव्हा पलीकडून दुसरीच कोणीतरी बोलायची. तिने दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली होती.

त्यानंतरची माझी कहाणी थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्याच जुन्या वस्तूंची असते. डिस्कोची हौस फिटली. आरशांचे गोळे उतरले. नवी, लहान, हलकी यंत्रे आली आणि मला मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांच्या सोबतीला टाकले. नोकरीच्या शेवटच्या दिवशी काका तिथे आले. त्यांनी कापूस आणि स्पिरिट आणले होते. माझी हेड पुसली, बटण खुणेवर आणून ठेवले आणि दार ओढून गेले. आता ते बटण खुणेवर असून काय उपयोग होता? मग किती उन्हाळे-पावसाळे गेले मला माहीत नाही. माझ्या रबरी पट्ट्या वितळून चिकट झाल्या. उंदरांनी एक तार खाल्ली. मालक गेले, स्टुडिओ गेला, खाली सायकलींच्या जागी फरश्यांचे दुकान आले. एके दिवशी जागा रिकामी करताना मला भंगारात काढले आणि एका दुरुस्तीवाल्याने उचलून नेले.

हा दुरुस्तीवाला साठीचा, गोल चेहऱ्याचा, सतत गुणगुणणारा माणूस. दुकानात जुने रेडिओ, पंखे आणि आमच्यासारखी टाकून दिलेली मंडळी. त्याने माझ्यासाठी नव्या पट्ट्या घडवल्या, तारा जोडल्या, मोटरीला तेल दिले. माझी चाके पहिल्यांदा फिरली तेव्हा तो एकटाच टाळ्या वाजवत नाचला. मला फार बरे वाटले.

काही महिन्यांनी पंचेचाळिशीची एक बाई दुकानात आली. तिच्यासोबत तिची म्हातारी आई होती. आईच्या गळ्याला पातळ रुमाल बांधलेला. केस पांढरे झाले होते. मी तिला चेहऱ्यावरून ओळखले नाही. चेहरे माझ्या ध्यानात राहत नाहीत, माझी ओळख आवाजावरून. आणि ती तर एक शब्दही बोलली नाही.

"दादा, ही फीत वाजवणारं मशीन कुठंच मिळेना," लेक म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी आईच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाजाची पेटीच काढावी लागली. तिचा आवाज आमच्याकडे कुठंच नाही हो. मोबाईल समोर धरला की गप्प बसायची ती. रेकॉर्ड करू नको म्हणून खुणावायची. वाटायचं, काय हा हट्ट! रोज तर बोलतेय, कशाला हवंय रेकॉर्डिंग? आता माझा मुलगा म्हणतो, मला आजीचा आवाज आठवत नाही. आणि खरं सांगू? मलाही आठवताना चाचपडायला होतं. तरुणपणी ती चमकी नावानं गायची. रेकॉर्ड लहानपणी ऐकली होती, ती केव्हाच फुटली. आता ही एवढी एकच फीत घरात आहे."

"चमकी?" दुरुस्तीवाला खुर्चीतून उडालाच. "अहो, सतरा वर्षांचा होतो मी! चमकीच्या गाण्यावर बूट झिजवलेत!" तो म्हातारीच्या पाया पडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण ती हसली नाही.

त्याने फीत उजेडात धरून पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. ती वर्षानुवर्षे स्वयंपाकघरातल्या कपाटावर, चुलीच्या धगीत आणि वाफेत पडून होती. "लेप सुटलाय हिचा. आवाज या तपकिरी लेपातच असतो, ताई. मशीनवर घासली की तो निघून येणार. एकदाच वाजेल. दुसऱ्यांदा वाजवायला काही उरणार नाही. मी वाजता वाजता संगणकावर नक्कल करून घेतो."

आईला त्यांनी भिंतीशी टेबलाजवळ बसवले. मला चालू केले. बटण खुणेवर होते.

मी वाचायला लागलो आणि दोन ओळींतच माझी खात्री पटली. तोच आवाज. जाड, उबदार, घाई नसलेला. 'उजेड होईपर्यंत थांब.' म्हातारीने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"दादा, काहीतरी बिघडलंय का?" लेक घाईघाईने म्हणाली. "रेकॉर्डमध्ये असं नाहीये. हा तर पुरुषाचा वाटतोय. मशीन हळू चालतंय."

"बरोबर! मोटर म्हातारी झालीय. थांबा, मला पाठ आहे हे गाणं," दुरुस्तीवाला म्हणाला. आणि त्याने, मनापासून प्रेम करणाऱ्या त्या माणसाने, रेकॉर्डीतले गाणे डोक्यात आठवत माझे बटण उजवीकडे फिरवले. अगदी बरोबर जागी नेऊन थांबवले. चमकी गायला लागली.

"आता आलं!" लेक म्हणाली.

म्हातारीचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. तिने तळहाताने टेबल थोपटले. मग जोरात आपटले. पुन्हा आपटले, पुन्हा पुन्हा.

"बघा दादा, आई ताल धरतेय!" लेक म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. दुरुस्तीवालाही ताल धरून मान हलवू लागला. मित्रांनो, मी ओरडलो असतो. पण माझ्या तोंडातून त्या वेळी फक्त चमकीच बाहेर पडत होती. फितीचा लेप भुकटी होऊन माझ्या हेडवर साचत होता, आणि मी थांबू शकत नव्हतो.

गाणे संपले. दुरुस्तीवाल्याने संगणकावरची नक्कल बंद केली आणि हात जोडले. "तीच चमकी, मावशी! एवढासा फरक नाही."

म्हातारी उठली. टेबल धरत, भिंत धरत माझ्यापर्यंत आली. तिने बोटाने ते काळे बटण मागे, पांढऱ्या खुणेवर आणले. मग ते बोट स्वतःच्या छातीला लावले.

दुरुस्तीवाल्याने खुणेकडे पाहिले. त्याचा हात हळूहळू कपाळाकडे गेला. "म्हणजे... रेकॉर्डीचा वेग चढवलेला होता? मावशी, पहिल्या दोन ओळी... त्या तुमच्या होत्या?"

तिने मान हलवली.

लेक जागेवरच उभी राहिली. "आई, तू टेबल त्यासाठी आपटत होतीस? आणि मी म्हटलं, मशीन बिघडलंय." आईने तिला जवळ ओढले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

या सगळ्या गडबडीत मला थांबवायचे कोणाच्या लक्षातच आले नव्हते. माझी चाके फिरतच होती. काकांची एक सवय होती. गाणे संपले तरी ते लगेच मला बंद करत नसत. खोलीतला शेवटचा नादही विरू द्यायचे. त्या दिवशी तर ते मला बंद करायचेच विसरले होते. त्यामुळे फितीच्या टोकाला थोडे काही उरले होते, हे मीही विसरून गेलो होतो. खुणेवरच्या सरळ वेगात ते आता माझ्या हेडपाशी आले. आधी चपला पायात सरकवल्याचा आवाज. मग ती बोलली, अगदी जवळ, अगदी स्पष्ट.

"झालं ना, काका? मग मी पळते. पोरगी उठली असेल. माझा आवाज ऐकला नाही तर घर डोक्यावर घेते."

आणि फीत संपली. टोक चाकावर फटफट आपटत राहिले.

लेकीने आईच्या खांद्यावरून मान वर केली. "हाच," ती म्हणाली. "हाच होता. दादा, हे नकलेत आलं?"

आले नव्हते. नक्कल बंद होती. तिने पुन्हा वाजवायला सांगितले. नको म्हणत म्हणत त्याने फीत मागे घेतली आणि मी पुन्हा वाचायला गेलो. पण ते शब्द आता माझ्या हेडवर तपकिरी भुकटी होऊन पडले होते. फितीवर नुसती खरखर होती. लेकीने ती खरखरही शेवटपर्यंत ऐकली.

दुरुस्तीवाल्याने पुढे संगणकावर त्या गाण्याचा वेग उतरवून दिला. ते आता तिच्या मुलाच्या मोबाईलमध्ये आहे, आणि बरेचसे खरे आहे. पण पोरगी उठली असेल, असे म्हणणारी ती आई त्यात नाही. तो आवाज त्या दुकानातल्या तीन माणसांनी एकदाच ऐकला.

मित्रांनो, मला जपा, माझ्यावरची धूळ पुसा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे दिवस सरले. फिती धगीपासून लांब ठेवा, एवढे मात्र जरूर करा. आणि कुणाचा आवाज तुम्हाला जड वाटला, वेगळा वाटला, बिघडलेला वाटला, तर बटणाला हात लावण्याआधी त्या माणसाकडे वळून एकदा पाहा आणि विचारा, की बाबा रे, हा तुझाच ना? मालकांनी तिला विचारले नाही. काकांनी विचारले नाही. दुरुस्तीवाल्याने आणि पोटच्या मुलीनेही विचारले नाही, आणि त्या दोघांचे तर तिच्यावर प्रेम होते. मला ठाऊक होते, पण मला विचारता येत नाही. मी फक्त वाजतो.